पावकीपासून पर्यायांपर्यंत

ठाण्याहून भिवंडीकडे जाणारा जुना आग्रा रस्ता कापूरबावडी सोडून कशेळीच्या खाडीकडे वळतो, त्या वाटेवर बाळकुम लागते. मूळचे हे आगरी-कोळ्यांचे गाव. भाताची खाचरे आणि खाडीतली मासळी यांवर जगलेले. पुढे शेजारच्या कोलशेत रस्त्याला रसायनांचे कारखाने आले. १९८२ साली ठाण्याची महापालिका झाली, तेव्हा आसपासच्या गावांबरोबर बाळकुमही शहरात आले. मग कारखाने गेले, त्यांच्या जागी टोलेजंग संकुले उभी राहिली, आणि आता ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या नकाशावर बाळकुम नाका हे स्थानक आहे. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंतच्या अशा नव्या वस्त्यांमध्ये किराणा आणि औषधांच्या दुकानांपाठोपाठ ज्या पाट्या लागतात, त्या अबॅकस, वैदिक गणित, ऑलिम्पियाड आणि शिष्यवृत्तीच्या वर्गांच्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्याच्या इयत्तेपुढचे गणित शिकवून स्पर्धेला बसवायचे, हा उद्योग नव्या संकुलांबरोबर आला आणि तो पालकांच्या हव्यासातून वाढला, असे सर्रास म्हटले जाते. इतिहास तसे सांगत नाही. लहान मुलांना वेगाने, बिनचूक आणि वयाच्या मानाने अवघड हिशोब करायला लावण्याची रीत आपल्याकडे किमान दोनशे वर्षे जुनी आहे. ही तयारी कशी होईल हे दर वेळी मुलापुढे प्रश्न कोण ठेवतो आणि कोणत्या रूपात ठेवतो यावरून ठरत आले. शिक्षकाची हौस किंवा पालकांची महत्त्वाकांक्षा यांचा वाटा त्या मानाने लहान आहे.

पंतोजींच्या शाळेपासून सुरुवात करू. तिथे प्रश्न विचारणारा होता बाजार. धूळपाटीवर अक्षरे आणि आकडे गिरवून झाले की पाढे सुरू होत. ते वीस किंवा तीसपर्यंतच्या पूर्णांकांवर थांबत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे सगळी शाळा एका सुरात म्हणत असे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. अडीच पायल्या तांदूळ, पायलीचा भाव साडेतीन आणे, तर एकूण किती, असे विचारले की औटकी पाठ असलेला मुलगा क्षणात पावणेनऊ आणे सांगे, आणि आण्याचे चार पैसे असल्याने ते आठ आणे तीन पैसे होतात हेही पुढे जोडून देई. आज हाच गुणाकार शाळकरी मुलाला व्यवहारी अपूर्णांकांत रूपांतर करून, अंश-छेद गुणून, मग पुन्हा पूर्णांकयुक्त अपूर्णांक करून सोडवावा लागतो. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, पायलीचे चार शेर, खंडीचे वीस मण. प्रत्येक पायरीला पट वेगळी, आणि मापे तर गावागणिक बदलणारी. अशा व्यवहारात पाव आणि पाऊण यांचे गुणाकार जिभेवर असणे हीच मुलाची पात्रता. दुकानात किंवा सावकाराच्या पेढीवर मोडीत खतावणी लिहिणाऱ्या माणसाला हेच लागे, म्हणून पंतोजी हेच शिकवत. या भूमीत गणिताचा दुसराही प्रवाह होता. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ उभारला, आणि १२०७ सालचा शिलालेख त्याची साक्ष देतो. त्या ग्रंथांपैकी लीलावतीतले भुंगे, कमळे, मोर आणि साप यांचे प्रश्न थबकून विचार करायला लावणारे आहेत. पण ते संस्कृत पाठशाळेत राहिले. बाजाराला त्यांची गरज नव्हती, त्यामुळे पंतोजींच्या ओसरीपर्यंत ते पोचले नाहीत.

त्या ओसरीचा मोठेपणा सांगताना तिचे दार कुणाला बंद होते हेही सांगितले पाहिजे. मुली तिथे नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले नव्हती, आणि खाडीकाठच्या कष्टकरी घरांतलीही फारशी नसत. म्हणून त्या घरांत गणित नव्हते असे मात्र नाही. मासळी कोडीने विकायची, कोडी म्हणजे वीस नग, आणि गिऱ्हाईक सात-आठ नग निवडून मागेल तेव्हा घासाघीस करत किंमत तिथल्या तिथे जुळवायची, हे काम कोळणींनी कुठल्याही शाळेविना केले. अशाच, ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर किरकोळ विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. गाडीवर गिऱ्हाइकासारखे विचारलेले ९८ टक्के हिशोब त्यांनी बरोबर केले. तेच हिशोब कागदावर निव्वळ आकडेमोड म्हणून मांडले तेव्हा जेमतेम ३७ टक्के बरोबर आले. पाच मुले म्हणजे नमुना फारच लहान, हा आक्षेप रास्त आहे. परंतु २०२५ मध्ये दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या कितीतरी अधिक मुलांवर झालेल्या अभ्यासातही तेच दिसले, आणि उलट बाजूही दिसली: शाळेत आकडेमोड करणारी मुले बाजारातल्या हिशोबात अडखळली. मुलाजवळ किती गणित आहे याचे उत्तर प्रश्नाच्या रूपाबरोबर बदलते. हे एकदा मान्य केले की स्पर्धा परीक्षांच्या निकालांकडे निराळ्या नजरेने पाहावे लागते.

एकोणिसाव्या शतकात बाजाराच्या शेजारी दुसरा प्रश्नकर्ता आला, तो म्हणजे सरकार. १८२० च्या दशकात मुंबईत शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याने इंग्रजी गणितग्रंथांवरून मराठी पुस्तके सिद्ध केली. गणित प्रथमच जिभेवरून छापील पानावर आले. शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात निकालावर अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. शाळा तपासणारे सरकारी अधिकारी, म्हणजे दिपोटीसाहेब, वर्षातून एकदा शाळेत येत, इयत्तेनुसार मुलांना प्रश्न घालत, आणि किती मुले उत्तीर्ण झाली त्यावर शाळेचा पैसा ठरे. आजच्या ‘निकालाच्या दडपणा’चा जन्म इथे आहे. दिपोटी जे विचारतो तेवढेच शिकवायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे, ही शहाणपणाची चाल गावोगावच्या मास्तरांनी स्वीकारली, आणि पगाराचा प्रश्न असताना त्यांना दोष देता येणार नाही. १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांसाठी मोडी, बालबोध, हिशोब आणि शेतीची तोंडओळख यांची मागणी आहे, आणि मागे राहिलेल्या जातींच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळाव्यात हा आग्रहही. गणिताची परीक्षा हे गरिबाच्या मुलासाठी वर जाण्याचे दार ठरू शकते, ही कल्पना तेव्हापासून आपल्या सार्वजनिक विचारात आहे. पुढच्या शतकात व्हर्नाक्युलर फायनल ही मराठी शाळेची अखेरची परीक्षा उत्तीर्ण होऊन तलाठी किंवा प्राथमिक शिक्षक झालेल्यांनी ती प्रत्यक्षात आणली.

परीक्षेचे रूप तयारीला कसे घडवते आणि ते रूप बदलले की काय होते, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा केंब्रिजचा आहे, आणि तो महाराष्ट्राला परका नाही. तिथल्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत गुणानुक्रमे यादी लागे आणि पहिला आलेला सीनिअर रँग्लर म्हणवला जाई. दापोलीजवळच्या मुर्डी गावात जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना १८९९ साली हा मान विभागून मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि महाराष्ट्राने त्यांना जन्मभर रँग्लर परांजपे म्हटले. त्या यशाचे मोल कमी न करता हेही पाहायला हवे की ट्रायपॉसने केंब्रिजमध्ये खासगी शिकवणीचा केवढा पसारा उभा केला होता. एडवर्ड राउथ या एकाच शिकवणीवाल्याने दोन डझनांहून अधिक सीनिअर रँग्लर तयार केले. ठरावीक वेळात ठरावीक धाटणीचे जास्तीत जास्त प्रश्न सोडवणे ही तिथली कला होती. गणितज्ञ जी. एच. हार्डी स्वतः त्या परीक्षेतून आलेला, पण खऱ्या गणिताशी तिचा संबंध तुटला आहे असे ठासून सांगणारा. १९०९ नंतर क्रमवार यादी बंद झाली, आणि राउथच्या परंपरेतला शिकवणीचा धंदा थोड्याच काळात ओसरला. शिकवणीवर बंदी कुणी घातली नव्हती, विद्यार्थ्यांची महत्त्वाकांक्षाही तीच होती. फक्त परीक्षा निराळे मागू लागली.

महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळेत निर्णायक वळण आले ते १९५० च्या दशकात, आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन घटनांनी. १९५४-५५ पासून राज्यात शिष्यवृत्ती परीक्षा सुरू झाल्या. पुढे कित्येक दशके त्या चौथी आणि सातवीच्या वर्षी होत राहिल्या. आणि १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि पावकी-दीडकीला बाजारात काम उरले नाही. शंभरात आणि हजारात भागलेल्या जगात साडेतीनच्या पाढ्यावाचून कुणाचे अडेना. तोंडी हिशोबाची सारी शक्ती मोकळी झाली, आणि नेमक्या त्याच सुमारास तिला नवा मालक मिळाला: परीक्षा. शिष्यवृत्तीची रक्कम कधीच मोठी नव्हती. पण गुणवत्ता यादीत नाव लागणे ही शाळेची, शिक्षकाची आणि गावाची अब्रू झाली. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळांतून शिक्षकांनी सकाळी लवकर किंवा शाळा सुटल्यावर एक पैसा न घेता जादा तास घेतले. आज प्राथमिक वयातल्या स्पर्धेवर टीका करताना या शिक्षकांचे ऋण विसरणे कृतघ्नपणाचे होईल. ज्या घरात दुसरे पुस्तक नव्हते तिथे भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणीच्या सरावसंचांनी मुलाला पहिल्यांदा सांगितले की तू पाठ्यपुस्तकाच्या पुढे जाऊ शकतोस.

परंतु प्रश्नाचे रूप काय होते? चार पर्याय, एक बरोबर. अलीकडे चौथीऐवजी पाचवीला झालेल्या शिष्यवृत्ती परीक्षेत एका प्रश्नपत्रिकेला ९० मिनिटे आणि प्रश्न ७५, त्यांतले ५० गणिताचे. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद, उत्तरपत्रिकेवरचा गोल रंगवण्याचा वेळ धरून. एक नेहमीचा नमुना घेऊ. अंगणात शेळ्या आणि कोंबड्या मिळून २० डोकी आणि ५६ पाय आहेत, तर शेळ्या किती? दहा वर्षांच्या मुलाला समीकरण येत नाही, आणि यायची गरजही नाही. सगळ्या कोंबड्याच आहेत असे धरले तर पाय ४० होतात. १६ कमी पडले. एक कोंबडी काढून शेळी आणली की दोन पाय वाढतात. म्हणून शेळ्या ८. या चार पायऱ्यांत एक खरीखुरी गणिती युक्ती आहे: चूक उत्तर मुद्दाम धरायचे आणि ते किती चुकले यावरून बरोबर उत्तर काढायचे. मोठेपणीही ती उपयोगी पडते. पण खाली ६, ८, १०, १२ असे पर्याय छापले की या युक्तीची गरज संपते. सहा शेळ्या धरल्या तर ५२ पाय, जमत नाही, आठ धरल्या तर ५६, जमले, पुढचा प्रश्न. ७२ सेकंदांत हाच मार्ग शहाणपणाचा, आणि वर्गातले शिक्षक तोच शिकवतात कारण त्यांना मुलाचे हित कळते. आता प्रश्न थोडा बदलू. डोकी सांगायचीच नाहीत. पाय ५६, दोन्ही प्रकारचे प्राणी आहेत. तर शेळ्या-कोंबड्यांच्या किती वेगवेगळ्या जोड्या संभवतात? मूल एक शेळी आणि २६ कोंबड्यांपासून सुरू करते, दोन आणि २४, तीन आणि २२ असे लिहीत जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला त्याला दिसते की एक शेळी वाढली की दोन कोंबड्या कमी होतात, कोंबड्यांची संख्या कायम समच राहते, आणि यादी १३ शेळ्या व दोन कोंबड्यांवर संपते. उत्तर १३. लागणारी आकडेमोड तिसरीतली आहे, मात्र इथे कोणताही आडमार्ग कामाला येत नाही. अशा प्रश्नांची तयारी करून घ्यायची तर शिकवणाऱ्यालाही मुलाबरोबर बसून यादी करावी लागेल.

अबॅकस आणि वैदिक गणिताचे वर्ग का फोफावले याचे उत्तर याच हिशोबात आहे. वैदिक गणितावरचे भारती कृष्ण तीर्थांचे पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या गुणाकाराच्या रीती चटपटीत आहेत आणि मुलांना त्यांत गंमत वाटते. मण्यांच्या चौकटीवरून मनातल्या बेरजेपर्यंत नेणारे अबॅकसही एकाग्रता देते. पण दोन्हींचा विकाऊ गुण वेग हाच आहे, आणि वेगाला गिऱ्हाईक आहे कारण परीक्षा वेगाला गुण देते. पंतोजींच्या औटकीशी त्यांची तुलना करून ‘आपली जुनीच परंपरा परत आली’ म्हणणारे एक गोष्ट विसरतात. औटकीतून निघालेले उत्तर खरे व्यवहाराला लागत होते. आजच्या चार आकडी तोंडी गुणाकाराचे उत्तर कुणालाच नको असते, फक्त ते किती सेकंदांत आले एवढेच नोंदवले जाते.

वेगळे प्रश्न विचारणाऱ्या संस्था महाराष्ट्रात नव्हत्या असे नाही. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली पुण्यात स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानाने शाळकरी मुलांसाठी गणित प्रज्ञाशोध स्पर्धा चालवली. गणित अध्यापक मंडळांनी संबोध, प्रावीण्य, प्रज्ञा अशा परीक्षांची शिडी उभी केली. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे ऑलिम्पियाडची जबाबदारी आली. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये उतरला आणि १९९६ ची स्पर्धा तर मुंबईतच झाली. त्यातल्या सहा प्रश्नांना दोन दिवस मिळून नऊ तास असतात. बाळकुमच्या मुलाच्या ७२ सेकंदांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. मुंबईच्या विज्ञान अध्यापकांनी १९८१ पासून सहावी आणि नववीसाठी चालवलेल्या बालवैज्ञानिक परीक्षेत लेखी चाळणीनंतर प्रात्यक्षिक आणि प्रकल्प येतात. परिणाम असा की त्या परीक्षेचे वर्गही मुलांना भिंग, परीक्षानळ्या आणि तराजू हाताळायला देऊ लागले. शिकवणी इथेही आलीच, आणि महागही झाली. पण शिकवणीत काय घडायचे ते परीक्षेने ठरवले. माझ्या म्हणण्याला याहून जवळचा पुरावा नको.

यावर एक आक्षेप असा की इतक्या कोवळ्या वयात स्पर्धाच नको. त्यात तथ्य आहे. आठव्या-नवव्या वर्षी यादीत नाव न लागलेले मूल स्वतःला ‘गणितात कच्चा’ समजू लागते, आणि तो शिक्का पुढे पुसला जात नाही. मी या आक्षेपापुढे अर्धी मान तुकवतो. पहिली-दुसरीच्या मुलांना नंबर लावणाऱ्या खासगी स्पर्धा बंद झाल्या तर कुणाचे काही बिघडणार नाही. पण शिष्यवृत्ती किंवा १९८६ च्या सुमाराला आलेली नवोदय विद्यालयाची पाचवीतली निवड परीक्षा यांना त्याच मापाने मोजता येत नाही. ज्याच्या पालकांना वर्गाची फी परवडत नाही त्याला त्यांतून पैसा, वसतिगृह किंवा निदान शिक्षकाचे लक्ष मिळते. त्या काढून टाकल्या तर संकुलातल्या मुलाला शंभर वाटा उरतील, गावठाणातल्या मुलाची एक जाईल. दुसरा आक्षेप पाठांतराचा: पाढे घोकून बुद्धी मरते. पंतोजींच्या शाळेचा इतिहास याला दुजोरा देत नाही. वर दिलेली १३ जोड्यांची यादी करताना ज्याला दोन आणि चारचा पाढा आठवावा लागतो, त्याचे लक्ष नमुन्याकडे जाणारच नाही. पाढे हवेत, मात्र परीक्षेने तेवढ्यावर गुण देऊ नयेत.

सर्वांत वजनदार आक्षेप शिष्यवृत्ती परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेच्या बाजूचा आहे. लाखो मुलांच्या उत्तरपत्रिका हाताने तपासायच्या तर माणसे कुठून आणायची, आणि नागपूरच्या तपासनिसाचे माप ठाण्याच्या तपासनिसाशी कसे जुळवायचे? पर्यायी प्रश्न यंत्राने तपासले जातात, वशिल्याला वाव राहत नाही, आणि ज्या परीक्षेवर गरिबाचा भरवसा आहे तिथे हा गुण लहान नव्हे. हे सारे खरे. पण यंत्राने तपासायचे म्हणजे चार पर्यायच द्यायचे, हे त्यातून निघत नाही. गणित ऑलिम्पियाडच्या आपल्याकडच्या पहिल्या पायरीवरील परीक्षेत पर्याय नसतातच. उत्तर म्हणून दोन अंकी संख्या येते, मूल तिच्या दशकाचे आणि एककाचे गोल रंगवते, आणि तेच यंत्र ते वाचते. अंदाजाने उत्तर लागण्याची शक्यता चारात एक होती ती शंभरात एक होते, आणि पर्याय घालून पाहण्याची युक्ती निकामी ठरते.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत राज्याने आजवर वाद घातला तो इयत्तेचा. २०१५ च्या शासननिर्णयाने परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला गेली आणि २०१७ च्या फेब्रुवारीत ती पहिल्यांदा तशी झाली. कारण शिक्षणहक्क कायद्याने पाचवी प्राथमिक टप्प्यात आणली होती. मग चौथीनंतर थांबणाऱ्या शाळांची मुले परीक्षेपासून तुटली, संख्या घटली, आणि २०२५ मध्ये परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचे ठरले. या दहा वर्षांच्या येरझाऱ्यांत प्रश्नपत्रिकेच्या रूपावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. चौथीच्या नव्या प्रश्नपत्रिकेत गणिताचे प्रश्न थोडे कमी करून त्यांतले दहा बिनपर्यायी, संख्येत उत्तर देण्याचे ठेवले आणि त्यांना प्रत्येकी तीन-चार मिनिटे दिली, तर कागद तोच लागेल, यंत्र तेच लागेल आणि तपासनीस एकही वाढणार नाही. पहिल्या वर्षी सरासरी गुण घसरतील, वर्तमानपत्रांत ओरड होईल. दुसऱ्या वर्षी बाजारात बिनपर्यायी प्रश्नांचे सरावसंच येतील, आणि तिसऱ्या वर्षापासून महापालिका शाळेतला जादा तास आणि संकुलाच्या तळमजल्यावरचा वर्ग, दोन्हीकडे मुले शेळ्या-कोंबड्यांच्या जोड्यांची यादी करत बसलेली असतील.